काटा मध्यावर आहे

मोटारीच्या डॅशबोर्डवर एका कोपऱ्यात तापमानाचा काटा असतो. खाली सी, वर एच आणि मध्ये हा. गाडी सुरू केली की पाच-सात मिनिटांत तो उठतो, मध्यावर येऊन बसतो आणि मालक गाडी विकेपर्यंत तिथून हलत नाही. जानेवारीतल्या महाबळेश्वरात मध्यावर, मे महिन्यातल्या जळगावात मध्यावर, आणि पाच माणसं, दोन सुटकेसा व रुखवताचं सामान घेऊन घाट चढतानाही मध्यावरच. हा स्थितप्रज्ञपणा पाहून मालकाला वाटतं, गाडी किती उत्तम बनवली आहे! गाडी उत्तम बनवलेली असतेच. पण तिच्याहून उत्तम बनवलेला असतो तो मालक.

कारण बॉनेटखाली इतकं शांत काहीच नसतं. इंजिनाभोवती फिरणारं पाणी, ज्याला आता कूलंट म्हणायची पद्धत आहे, ते मोकळ्या रस्त्यावर 88 अंशांवर असतं, सिग्नलला 98 वर जातं, फॅन लागला की पुन्हा उतरतं. तिथला सेन्सर हे सगळं इमानेइतबारे गाडीच्या संगणकाला कळवतो. बऱ्याच गाड्यांत या संगणकाला कारखान्यातूनच तंबी मिळालेली असते, की साधारण 75 ते 105 अंशांच्या दरम्यान जे काय घडेल ते आपल्यात ठेवायचं, साहेबांच्या कानावर घालायचं नाही. साहेबांना कळवायचं ते थेट संकट आल्यावर. तेव्हा काटा मध्यावरून उठतो तो तडक लाल रेघेवरच जातो, आणि साहेब म्हणतात, "अरे, आत्ता तर बरा होता!"

पूर्वीचे काटे खरं बोलत. त्याचा परिणाम असा व्हायचा, की काटा दोन रेघा वर सरकला की गिऱ्हाईक वर्कशॉपच्या दारात. "सकाळी इथं होता, आता इथं आहे." मेकॅनिकने तासभर बॉनेटमध्ये डोकं घालावं, त्याला काही सापडू नये, आणि गिऱ्हाईकाने "काहीतरी आहे, तुम्हाला कळत नाही" असं म्हणून दुसरा मेकॅनिक गाठावा. यंत्रात दुरुस्त करण्याजोगं काही नसल्यामुळे अखेर काटाच दुरुस्त करण्यात आला. माझदाच्या एमएक्स-5 या चिमुकल्या स्पोर्ट्स कारमध्ये पहिली काही वर्षं तेलाच्या दाबाचा खराखुरा काटा होता. 1995च्या सुमारास त्याच्या जागी तसाच दिसणारा दुसरा आला. त्याला दोनच गोष्टी ठाऊक होत्या: दाब आहे आणि दाब नाही. काच तीच, रेघा त्याच, रुबाब तोच.

सर्वसामान्य माणसाला ही व्यवस्था फार सोयीची आहे. ज्याला दूध, दळण आणि मुलांची शाळा यांसाठीच गाडी लागते, त्याने इंजिनाचा ताप मोजत बसू नये. पंचाईत होते ती वेगाची हौस असलेल्यांची. त्यांना खरं कळल्याशिवाय चैन पडत नाही, आणि कळल्यावर तर मुळीच पडत नाही.

आमचा भाचा या दुसऱ्या जातीतला. त्याने एक जर्मन टर्बो सेदान सेकंडहँड घेतली. कंपनीने तिला 180 अश्वशक्ती दिली होती, ती भाच्याला अपुरी वाटली. ऑफिसला जायला इतकी का लागते हे विचारण्यात अर्थ नव्हता. एका ट्यूनरने लॅपटॉप जोडला, संगणकातला कार्यक्रम बदलला, आणि एकही नट न फिरवता गाडीत पन्नास घोडे वाढले. या विद्येत त्याला 'स्टेज वन' म्हणतात. भाच्याने पेढे आणले. ताईने पेढा हातात घेऊन विचारलं, "मग इतके दिवस कुठे होते ते पन्नास?"

मोटारशास्त्रावर मी ऐकलेला हा सर्वांत मार्मिक प्रश्न. ते पन्नास घोडे कारखान्यानेच बांधून ठेवलेले होते. मेमधली दुपार, भेसळीचं पेट्रोल, कधीच सर्व्हिसिंग न करणारा मालक आणि घाटातला ट्रॅफिक जॅम हे सगळं एकाच दिवशी आलं तरी इंजिन तगावं, एवढी गुंजाइश कंपनी ठेवते. ट्यूनर ती गुंजाइश मोकळी करून तुम्हालाच विकतो.

आणि घोडे कधी एकटे येत नाहीत. पेट्रोल जाळून निघणाऱ्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोचतो. एक तृतीयांश एक्झॉस्टमधून जातो, आणि उरलेला तिसरा हिस्सा इंजिनाच्या धातूत, तेलात, पाण्यात मुरतो. म्हणजे पन्नास घोडे जास्त हवे असतील तर शंभर घोड्यांची निव्वळ उष्णता पत्करावी लागते, आणि तिच्यातल्या निम्म्या उष्णतेला रेडिएटरवाटे बाहेरचा रस्ता दाखवावा लागतो. रस्ता दाखवता आला नाही तर ती आतच बिऱ्हाड करते. अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, हेड गॅस्केट उडतं, पाणी आणि तेल एकमेकांत मिसळतात आणि डिपस्टिकवर दुधाळ कॉफी दिसू लागते. वेगवान गाडी म्हणजे वेगाने उष्णता फेकणारी गाडी, बाकी सगळा पत्र्याचा आणि रंगाचा खर्च.

हा हिशेब शेवटापर्यंत नेला की बुगाटी वेरॉन तयार होते. 2005 साली उत्पादनात आलेल्या या मोटारीत आठ लिटरचं सोळा सिलिंडरी इंजिन, चार टर्बो आणि 1001 अश्वशक्ती. आणि रेडिएटर किती? दहा. इंजिनाच्या पाण्याला, टर्बोतून येणाऱ्या तापल्या हवेला, इंजिनच्या तेलाला, गिअरबॉक्सच्या तेलाला, डिफरन्शियलला, अगदी हायड्रॉलिक तेलालाही रेडिएटर. बाहेरून दिसतं ते रेशमी कातड्याचं इंद्रविमान, पण आतून ती बंगल्याच्या किमतीची रेडिएटरची वखार आहे. पूर्ण वेगाने हाकली तर तिची शंभर लिटरची टाकी सुमारे बारा मिनिटांत रिकामी होते. म्हणजे ती गाडी थंड होण्याचा एक खात्रीचा मार्ग कंपनीने टाकीतच करून ठेवला आहे.

आमच्या पिढीने भिंतीवर ज्या गाड्यांची पोस्टरं चिकटवली, त्यांतलं सौंदर्यही खरं तर हवेच्या टंचाईतून आलेलं आहे. लॅम्बोर्गिनी काउंटाश 1971 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली तेव्हा तिचं अंग पुष्कळच गुळगुळीत होतं. चाचण्यांत इंजिन तापू लागलं, आणि 1974ची विक्रीची गाडी आली ती खांद्यावर दोन मोठाली खोकी आणि कुशीत त्रिकोणी खाचा घेऊन. ती खोकी आम्हाला मर्दानी वाटली. फेरारी टेस्टारोसाच्या दारांवरच्या त्या लांबच लांब पट्ट्यांचंही तसंच. आधीच्या मॉडेलमध्ये रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, त्यामुळे गरम पाण्याच्या नळ्या बसणाऱ्यांच्या जवळून जायच्या आणि साहेब भाजून निघायचे. 1984च्या टेस्टारोसात म्हणून दोन रेडिएटर मागच्या चाकांपुढे, बाजूंना नेले. गाडी मागून जवळजवळ दोन मीटर रुंद झाली. बाजूंना पडलेली भगदाडं काही देशांच्या नियमांत बसेनात, तेव्हा त्यांवर पट्ट्या मारल्या. सरकारी नियम पाळण्यासाठी ठोकलेल्या त्या गजांवर आम्ही जीव ओवाळून टाकला. हॉस्टेलच्या खिडकीलाही तसेच गज होते, त्यांच्याकडे कुणी बघत नसे.

भाच्याकडे येतो. घोडे वाढल्यावर त्याला त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली. स्टिअरिंगखाली ओबीडीचं एक सॉकेट असतं. वर्कशॉपवाले तिथे त्यांचं यंत्र जोडून गाडीचे दोष वाचतात. त्यात त्याने अंगठ्याएवढं डाँगल खोचलं, मोबाइल जोडला, आणि संगणकाने काट्यापासून लपवलेलं सगळं पडद्यावर आलं. कूलंट, तेल, इंजिनात शिरणारी हवा, टर्बोचा दाब. पूर्वी हा मुलगा गाडी चालवताना गाणी ऐकायचा. आता आकडे वाचतो. शेजारी बसणाऱ्याला तेच काम देतो. "मामा, ऑइल किती झालं बघा." मी सांगायचं, "76." "मग अजून चार हजार आरपीएमच्या वर नको न्यायला." हे मात्र त्याचं खरं आहे. पाणी लवकर तापतं, तेल मागाहून, आणि डॅशबोर्डवरचा काटा फक्त पाण्याची खबर देतो. काटा मध्यावर आला म्हणून जो लगेच पाय दाबतो, तो गार, जाड तेलावर इंजिन पिळतो. बीएमडब्ल्यूने आपल्या एका एम3 गाडीत यावर फार सुसंस्कृत तोडगा काढला होता. आरपीएमच्या तबकडीवर नारिंगी दिव्यांची ओळ असायची. तेल गार असताना ती खालपर्यंत पेटलेली, आणि तेल तापत जाईल तसा एकेक दिवा विझायचा. मालकाला आकडा सांगायचा नाही, फक्त परवानगी थोडी थोडी वाढवायची.

एकदा मे महिन्यात दादरचं लग्न आटोपून आम्ही त्याच गाडीने पुण्याला परतत होतो. रविवार, दुपार, खोपोलीच्या पुढे चढ लागलेला आणि ट्रकांच्या रांगांमुळे वाहतूक गोगलगायीच्या चालीने. ताई मागे पैठणीत.

"मामा, एसी बंद करतो हं."

"का रे?"

"कूलंट 103. इनटेक 58."

"काटा तर मध्यावर आहे."

"काट्यावर विश्वास ठेवणारी माणसं वेगळी असतात, मामा."

एसी बंद झाला. खिडक्या उघडल्या. डिझेलचा धूर आणि घाटातलं ऊन आत आलं. आकडा 104 झाला. भाच्याने ओठ घट्ट मिटले आणि हीटरचं बटण उजवीकडे पूर्ण फिरवलं. पायांवर भट्टीची फुंकर आली.

"काय लावलंस?" मागून आवाज.

"हीटर, आई."

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग ताई म्हणाली, "इंजिनाला गार वाटावं म्हणून आईला भाजतोस?"

शास्त्र म्हणून पोराचं चूक नव्हतं. गाडीतला हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला एक छोटा रेडिएटरच. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं, त्यावरून हवा मारली की पाण्याची उष्णता कमी होऊन ती माणसांच्या अंगावर येते. खरोखर तापलेल्या गाडीला हा प्रथमोपचार आहे आणि जुने ड्रायव्हर तो जाणून होते. पण आम्ही तिघं घामाने निथळत, शेला आणि उपरणी पंख्यासारखी हलवत बसलो असताना शेजारून एक लिटरची एक साधी हॅचबॅक गेली. काचा बंद, एसी चालू, आत दोन लहान मुलं कुल्फी खातायत.

"त्याची गाडी बघ, तापत नाही," ताई म्हणाली.

"त्याचंही 103च असेल आई. त्याला माहीत नाही, एवढंच."

मी त्या माणसाकडे फार असूयेने पाहिलं. पुढे एका जाणकाराने सांगितलं, की आजकालच्या पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट संगणकाच्या हुकमावर चालतो आणि हलक्या भारात इंजिन मुद्दाम 100 ते 105 अंशांवर ठेवलं जातं. घर्षण कमी होतं, पेट्रोल वाचतं. थोडक्यात, आम्ही ज्याला ज्वर समजून घाटभर गोवऱ्यांवर बसलो होतो ती गाडीची ठणठणीत प्रकृती होती. ताईला हे अजून सांगितलेलं नाही.

भाचा मात्र आपल्या बाजूने दाखला देतो. 2017 साली अमेरिकेत डॉजने चॅलेंजर डीमन नावाची गाडी काढली. सरळ रेषेत पाव मैल पळण्यासाठीच जन्मलेली. तिच्यात कंपनीनेच अशी सोय केली आहे, की शर्यतीच्या वेळी एसीचा गारवा माणसाकडून काढून घेऊन इंजिनात शिरणारी हवा थंड करण्यासाठी वळवायचा. "बघा मामा, कंपनीच माणसाला दुसऱ्या नंबरवर ठेवते." डीमनच्या मागच्या सीटवर पैठणीतली आई नसते, हा फरक त्याला महत्त्वाचा वाटत नाही. तशी कंपनी मागची सीटही काढूनच द्यायची. ती हवी असेल तर वेगळी सांगावी लागे.

घाटानंतर 'कूलिंग अपग्रेड'चा अध्याय सुरू झाला. आधी भाच्याला मी नाना पेठेतल्या आमच्या जुन्या उस्तादांकडे नेलं. उस्तादांनी पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर यांच्या काळापासून घाटात उकळलेल्या गाड्या पाहिलेल्या. त्यांचं निदान अर्ध्या मिनिटात होतं आणि उपचार दोनच. "वॉल काढून टाकू. फॅन डायरेक्ट करू. परत गाडी तापली तर माझं नाव बदला."

वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. पितळेची एक छोटी डबी, तिच्यात मेण. पाणी गार असेपर्यंत रेडिएटरचा रस्ता बंद. पाणी 85 अंशांच्या आसपास आलं की मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि दार उघडतं. पुन्हा गार झालं की स्प्रिंग दार लावून घेते. वीज नाही, संगणक नाही, पगारवाढ नाही. असं निमूट काम करणारं यंत्र आपल्या देशात पहिल्यांदा काढून टाकलं जातं. वॉल काढल्यावर काटा मध्यापर्यंतही येत नाही, मालक खूश होतो, आणि इंजिन कायमचं गारठलेलं राहून पेट्रोल पीत बसतं. 'फॅन डायरेक्ट' म्हणजे चावी फिरवली की फॅन चालू, गाडी बंद होईपर्यंत चालू, मग ती पहाट असो की पाऊस.

भाच्याने उस्तादांना नम्रपणे नकार दिला आणि इंटरनेटवरून तेच दुसऱ्या नावाने विकत घेतलं: 'लो टेम्परेचर थर्मोस्टॅट'. 70 अंशांनाच उघडणारा. त्याला वाटलं, लवकर उघडेल म्हणजे गाडी गार राहील. यात गोम अशी, की थर्मोस्टॅट इंजिनाचं कमीत कमी तापमान ठरवतो. जास्तीत जास्त किती व्हायचं ते रेडिएटर ठरवतो. भर घाटात 85चा असो की 70चा, दोन्ही सताड उघडेच असतात, आणि त्यापुढे रेडिएटरच्या मनात असेल तेच होतं. हे कळायला त्याला जेवढे पैसे लागले तेवढ्यात उस्तादांनी एका आख्ख्या रिक्षाचं इंजिन बांधून दिलं असतं.

मग मोठा इंटरकूलर आला. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, तापलेली हवा विरळ होते आणि दाबल्याचा फायदा निम्मा जातो. म्हणून ती इंजिनात शिरण्यापूर्वी गार करायची. सुबारूच्या एसटीआयमध्ये तर डॅशबोर्डवर एक बटण असे. ते दाबलं की इंटरकूलरवर पाण्याचा फवारा उडायचा. भाच्याचा नवा इंटरकूलर बंपरच्या जाळीमागे असा बसला की बाहेरून दिसावा, हा त्याचा मुख्य गुण. इनटेकचा आकडा खरोखरच उतरला. दुसऱ्या दिवशी कूलंटचा चढला.

कारण जाळीतून येणारी हवा तीच, तेवढीच. तिच्या वाटेवर सगळ्यात पुढे इंटरकूलर, त्यामागे एसीचा कंडेन्सर, आणि सर्वांत शेवटी बिचारा रेडिएटर. पुढच्या दोघांनी आपली उष्णता ज्या हवेत सोडली ती उष्टी हवा याच्या वाट्याला. म्हणून मोठा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आणला. त्याबरोबर निळेभोर सिलिकॉनचे होज पाइप आले, कारण काळ्या रबरातून गरम पाणी जाताना लोकांना दिसत नाही. मग तेलाचा आकडा डोळ्यांवर येऊ लागला, म्हणून ऑइल कूलर. तो जाळीत मावेना, तेव्हा बंपरच्या कोपऱ्यातला फॉग लॅम्प काढून तिथे बसवला. बसवणाऱ्याने त्याला थर्मोस्टॅट जोडला नाही. डिसेंबरच्या पहाटे सिंहगड रोडने निघावं तर तेल 65च्या वर चढेना. आता गाडी तापत नाही ही नवी तक्रार. अखेर ऑइल कूलरच्या तोंडावर भाच्याने पुठ्ठा लावला आणि चिकटपट्टी मारली. हजारो रुपये मोजून बसवलेलं यंत्र बंद करायला बारा रुपयांची चिकटपट्टी लागली, आणि तीच काय ती पहिल्या झटक्यात बरोबर बसली.

चिकटपट्टीला हसू नये. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींत पुढच्या जाळीवर पट्ट्या चिकटवणं ही मान्यताप्राप्त कला आहे. जाळी जितकी झाकली तितकी हवा गाडीवरून सफाईने जाते, गाडी रस्त्याला दाबून धरते आणि जोरात पळते. फक्त इंजिन शिजू लागतं. किती झाकलं म्हणजे शर्यत संपेपर्यंत शिजेल पण फुटणार नाही, यावर पगारी माणसं डोकं खपवतात.

कूलिंगच्या नावाखाली झालेला सर्वांत थोर कारभार मात्र 1978चा. फॉर्म्युला वनमध्ये तेव्हा लोटसच्या गाड्या तळाखालून वाहणाऱ्या हवेच्या जोरावर रस्त्याला चिकटून पळत आणि बाकीच्यांना मागे टाकत. ब्राभम संघाचा मालक बर्नी एक्लस्टन, डिझायनर गॉर्डन मरी. त्यांच्या गाडीत आल्फा रोमिओचं आडवं बारा सिलिंडरी इंजिन, इतकं रुंद की खाली हवेला जागाच नाही. मरीने रेडिएटर इंजिनाच्या डोक्यावर आडवा घातला आणि गाडीच्या पाठीला एक भलामोठा पंखा लावला. पंखा रेडिएटरमधून हवा ओढायचाच, पण जाता जाता गाडीच्या पोटाखालचीही सगळी हवा उपसायचा, आणि गाडी रस्त्याला जळवेगत चिकटायची. हवेच्या दाबासाठी हलणारा भाग वापरायला नियमाने बंदी होती. पण हा पंखा? हा तर कूलिंगसाठी! जागेवर उभं राहून इंजिन रेझ केलं तरी गाडी खाली बसायची. अशी नम्रपणे वाकणारी गाडी प्रतिस्पर्ध्यांनी पाहिली नव्हती. परक्यांच्या नजरेपासून पंखा लपवायला पिटमध्ये त्यावर कचऱ्याच्या डब्याचं झाकण ठेवत. 17 जूनला स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्पच्या शर्यतीत निकी लाउडा ती गाडी घेऊन उतरला आणि अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला. बोंबाबोंब झाली. विजय कायम राहिला, गाडी मात्र मागे घेतली गेली. ती पुन्हा कुठल्याही शर्यतीत धावली नाही. 'साहेब, ते फक्त गार करण्यासाठी आहे' हे वाक्य इतक्या गंभीर चेहऱ्याने मोटारीच्या इतिहासात दुसऱ्या कुणी म्हटलेलं नाही. तरी मुंबईत बिल्डर लोक बाल्कनीविषयी साधारण असंच बोलतात.

भाच्याने या सगळ्या सिद्धतेची परीक्षा ट्रॅकवर घ्यायचं ठरवलं. रेसट्रॅक जवळ कुठे? चेन्नईजवळ, कोइमतूरला किंवा थेट ग्रेटर नोएडात. तो कोइमतूरला गेला. जाण्यापूर्वी त्याने महागातलं गुलाबी कूलंट भरलं होतं. जाणकारांनी सांगितलं, शर्यतीत हे बहुतेक ठिकाणी चालत नाही. ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर साबणासारखं निसरडं होतं आणि मागून येणाऱ्याचे हाल होतात. साधं डिस्टिल्ड पाणी भर, त्यात गंज न धरण्याचं औषध टाक. शिवाय उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणाहून सरसच आहे. ग्लायकॉल हवं ते थंडीत गोठू नये म्हणून आणि उकळबिंदू वर जावा म्हणून, आणि कोइमतूरला पाणी गोठल्याची वार्ता अजून नाही. उस्ताद गेली चाळीस वर्षं "कूलंट कशाला, पाणी टाका" म्हणतात ते निम्मं तरी बरोबर निघालं. उरलेलं निम्मं म्हणजे नळाचं पाणी, आणि त्यातल्या क्षारांनी त्यांनी आजवर किती रेडिएटर बुजवले याचा हिशेब चित्रगुप्ताकडे असेल.

ट्रॅकहून परत आल्यापासून सोसायटीचा वॉचमन जागा राहतो. अशा गाड्यांत इंजिन बंद केलं तरी टर्बोतली धग बाहेर येत राहते, पाण्याचं तापमान उलट थोडं वाढतं, म्हणून छोटा पंप आणि फॅन काही वेळ आपसूक चालू राहतात. रात्री साडेअकराला खाली गाडी घोंघावते आणि इंटरकॉम वाजतो. "साहेब, तुमची गाडी चालू राहिली." भाचा सांगतो, "बंद आहे, ती गार होतेय." वॉचमन म्हणतो, "बरं साहेब," आणि पाच मिनिटांनी दुसऱ्या विंगच्या सेक्रेटरींना फोन करतो.

इतकी सगळी यंत्रणा झाल्यावर शेवटी एक गोष्ट सांगायची राहते, ती डाँगलवाल्यांनी आणि काटेवाल्यांनी, दोघांनीही ऐकावी. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेपर्यंतच खरं बोलतो. होज फाटून पाणी सगळं वाहून गेलं तर तो उघडा पडतो आणि आजूबाजूच्या हवेचं तापमान सांगू लागतो. म्हणजे इंजिन शेवटच्या घटका मोजत असतं, तेव्हा आकडा छान खाली आलेला दिसू शकतो. चालत्या गाडीत, भर चढावर, तापलेला काटा अचानक उतरला तर आनंद मानू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

आणि बंद केल्यावर रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. ते झाकण आणि प्रेशर कुकरची शिट्टी यांचं काम एकच आहे. आतला दाब वातावरणाहून साधारण 1 बार जास्त राखायचा, म्हणजे साधं पाणीही 120 अंशांपर्यंत उकळत नाही, ग्लायकॉल असेल तर त्याहून वर. झाकण फिरवलंत की दाब जातो आणि 110 अंशांचं पाणी त्या क्षणी वाफ होऊन तुमच्या तोंडावर येतं. घाटात दरवर्षी कुणी ना कुणी, ओलं फडकं घेऊन, आजूबाजूच्या चार जणांच्या सल्ल्याने, हे झाकण उघडतंच. अर्धा-पाऊण तास थांबा. वरच्या होजला हात लावता येतोय ना, ते आधी बघा. तोवर सावलीत बसा, भजी खा. मदतीला आलेला कुणी "वॉल काढून टाका" म्हणालाच, तर त्यालाही एक प्लेट मागवा आणि गाडीपासून लांब बसवा.